क्लचमधलं चुकीचं तेल

व्यासपीठाच्या मधोमध बसलेले आजचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख एसेनबेकआके, त्यांच्या शेजारच्या डॉक्टरीणबाई, दवाखान्याच्या जुन्या रशियन जीपचे चालक झापारआके, ज्यांना आज आपण निरोप देतोय, आणि दाराशी खेटून बसलेल्या बायांनो, सगळ्यांना या सोनुनचा सलाम.

मला सांगितलंय, दोन शब्द गोड बोल. गोड बोलायला बाकी गाव आहे. मी पाहिलेलं सांगते.

झापारआके, मानाचा नवा झगा, पांढरी टोपी, शोभताय. पण मघापासून तुम्ही खिडकीबाहेर का बघताय?

मी पोटुशी असताना आम्ही याच जीपमधून किझिल-बेलची खिंड चढत होतो. गिअर बदलायला झापारआकेंनी क्लच दाबला, आणि पेडल वर येईचना. इंजिन बोंबलतंय, चाकांना जोर नाही. जीप मागं सरकायला लागली, दरीकडं. मी ओरडले, "झापारआके, ब्रेक!" हे म्हणाले, "दाबलाय बये, आता बर्फाला सांग." मागचं चाक एका दगडाला अडलं. त्या दगडामुळं माझी बेगायिम जन्माला आली.

झापारआकेंनी तिथंच क्लचचा खालचा सिलिंडर सोडला. आतलं रबर भिजवलेल्या जर्दाळूसारखं टम्म फुगलेलं. क्लचला ब्रेकचं तेल लागतं, इंजिनाच्या तेलानं रबर फुगतं; कुणीतरी क्लचमध्ये इंजिनाचं तेल ओतलं होतं.

आज हे कशाला उकरते? कारण सभा संपली की तीच जीप, त्याच खिंडीतून, माझ्या बेगायिमला पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाला नेणार आहे. चालवणार नवा चालक कुबात, अध्यक्षांचा पुतण्या. जुना सिलिंडर गळत होता, म्हणून सकाळी बदलायचा ठरला. झापारआके बाह्या सरसावून उठले, तर अध्यक्ष म्हणाले, "आज तुम्ही मानाचे पाहुणे. दुआ होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही." आपली रीतच ती. बसले बिचारे.

मी चुलीसाठी शेणकूट आणायला अंगणात गेले. कुबातनं नवा सिलिंडर नीट बसवला होता, खोटं कशाला बोलू? पण हातात डबा इंजिनाच्या तेलाचा.

"अरे, हे कुठलं ओतलंस?"

"मावशी, तेल ते तेल. तुम्ही रस्सा ढवळा."

तेव्हापासून तो बाहेर पेडल दाबून बघतोय. इथली भाषणं माझ्या कानात शिरली नाहीत, मी तो आवाज ऐकतेय. आधी पेडल झटकन वर यायचं. मग सावकाश. आता थांबा, कुणी खोकू नका. दाबलं... आलं का वर?

हसताय काय मागच्या बाकावरचे? खिंडीत हसाल?

एसेनबेकआके, निघताना चाकांवर दूध टाकायचा मान आईचा, आणि दूध पडलं की गाडी माघारी वळवत नाहीत. म्हणून मी ते टाकणार नाही. बायांनो, बेगायिम गाडीत बसलीय, तिला धरून उतरवा. क्लचच्या वरच्या-खालच्या दोन्ही सिलिंडरांची रबरं बदलून, नळी धुऊन, योग्य तेल भरल्याशिवाय ती परत गाडीत चढणार नाही. उशीर झाला तर बाळ इथं होईल, डॉक्टरीणबाई आहेत. दरीत कोण आहे?

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, आभार. बोलण्यात काही लागलं असेल तर पोटात घाला. दुआ व्हायच्या आधी पाहुण्याला उठवते, तो दोष माझ्या माथी.

झापारआके, झगा माझ्याकडं द्या. उठा.