तरवडाच्या बिया

मी कमी बोलतो, पण हे ऐकाच. रस्ता रुंद झाला आणि कडेचा तरवड गेला. आमच्या हिला नवरात्रात घटावर त्याच्याच पिवळ्या फुलांची माळ लागते. उरल्या मूठभर टणक बिया. दगडावर घासल्याशिवाय उगवत नाहीत. निम्म्या मी घेतल्या, निम्म्या तिनं.

"अहो, बी घासायलाव का लेकराला तेल लावायलाव?"

"लागंल गं तिला."

तिच्या कुंडीत रोपं आली, माझ्या कुंडीत नुसती माती. तिनं माझ्या बिया उकरल्या आणि खसाखसा घासल्या.

मी हळूच म्हणालो, "मलापण असंच घासलंस व्हय?"

"मग! लगीन झाल्यावर वर्षभर तोंड उघडलं व्हतं का तुमी? घासलं म्हणून तर आज बोलायलाव!"