कर्फ्यूतली झोप

चंदीगडच्या दवाखान्यात पुढच्या बाकावर दोघी मराठीत बोलताहेत म्हटल्यावर मालतीबाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

“समोर इमारत उठायला लागल्यापासून धाकटीला धाप लागते. सिमेंटची धूळ अगदी ताटात येऊन पडते.”

“गोळीबारानंतर कर्फ्यू होता, तेव्हा?”

“काम बंद होतं ना. रात्रभर शांत झोपायची. मी देवापुढे हात जोडले, म्हटलं, अजून थोडे दिवस राहू दे कर्फ्यू.”

“आईचं मन हो.”

“राहिला. आणि खालच्या हरभजनजींच्या छातीत कळ आली, तर त्यांना न्यायला गाडी मिळेना.”

“गेले?”

“गेले. आज सकाळी जिन्यात त्यांची बायको धाकटीला जवळ घेऊन मलाच विचारते, ‘कर्फ्यू में तो ठीक थी ना बच्ची?’”