चोवीस तासांची हरकत

—मशीन कुणी फोडली ते मला नका विचारू साहेब, तुम्ही नवी बसवायला आलात, ती बसवा. बसा, चहा टाकलाय. तुमची पहिली पद्धत लई चांगली होती — तलावाचं पाणी कुणाच्या पाळीला सोडायचं, ते सात घरांतल्या पाच फोनांनी हो म्हणलं तरच, नायतर गेट उघडायचंच न्हाई. एकाचं राज्य न्हाई. पण पाच माणसं एका टायमाला गावतात का? एक बाजारात, एक लग्नात, एकाचा फोन लेकीनं नेलेला. मग तुम्हीच म्हणलात, वर एक थर टाकू — गेटच्या खोलीत एकच मशीन, एकच माणूस, तो पाणी पटापट सोडील अन् सांजच्याला सगळ्या नोंदी खाली सात घरांत पाठवील. पटलं न्हाई तर चोवीस तासांत हरकत घ्या. माणूस कोण? तर माझा धाकटा दीर, अमरनाथ. माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला.

माझी पाळी बुधवारची. मिरचीची चाळीस हजार रोपं होती, धर्माबादच्या मिरची व्यापाऱ्यांनी सांगून ठेवलेली. बुधवारी नळीला थेंब न्हाई — त्यानं माझं पाणी आपल्या उसाला वळवलं. म्या हरकत टाकली. सहा घरं माझ्या बाजूनं. जिंकले की मी! मशीननं पाळी परत माझ्या नावावर लिहिली. पाणी आलं का परत? कुठून येणार, तलावात नुसता चिखल. शनिवारी रोपं हातात धरली की भुगा होत होता.

गेले खोलीवर. तर म्हणतो, "वैनी, नोंद दुरुस्त झाली ना, आता काय राहिलं?" माझं डोकंच फिरलं. हातात फावडं होतं, पहिला घाव मशीनवर, दुसऱ्याला तो आडवा आला — म्हणजे घसरला तो, पायरीवरनं — असं काय बघून राहिलात? बरं, ऐका मग. कानावर बसला. पडला तरी मी थांबले न्हाई, अजून दोनदा घातलं. रक्त पार पायरीपर्यंत गेलं. हात भरून आले तवा थांबले.

पोलीस आले. पाच घरांनी सांगितलं, पाय घसरून पडला. म्या कुणाला शिकवलं न्हाई. पाणी त्यांचं बी चोरलं होतं त्यानं. अन् पाचांनी हो म्हणलं की ते खरं, ही तर तुमचीच रीत. तीन आठवडे झाले, लातूरला दवाखान्यात बेशुद्ध पडलाय. मला झोप न्हाई, साहेब. मरावा बी वाटत न्हाई, उठावा बी वाटत न्हाई.

काय म्हणलात? येताना दवाखान्यात जाऊन आलात? उठून बसला? — बोलला? कुणाचं नाव घेतलं?

पाय घसरला म्हणला. तो? स्वतःच्या तोंडानं? पोलिसांपुढं? अन् मी इथं तुम्हाला सगळं सांगून बसले —

उठा. चहा राहू द्या. निघा म्हणते न्हवं.