सासऱ्यांच्या ट्रकचं आंबट पेट्रोल

...नाही, पण तुम्हीच सांगा, पेट्रोल आंबट असतं का हो? नसतं ना? कडू असेल, घसा जाळणारं असेल, पण आंबट? मी चाखलंय म्हणून सांगतो! हौसेनं नाही चाखलं, सासुरवाडीला गेलो होतो.

आता सासुरवाडी माझी खांगाईच्या डोंगरात, आणि मी उलानबातरात घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. पण मेव्हणा, हा जांबल, काय म्हणाला माहितीये? "दाजी, घड्याळात चाकं, ट्रकला चाकं. आता जरा मोठी आहेत, एवढंच!" आणि मला नेऊन उभं केलं सासऱ्यांच्या जुन्या रशियन ट्रकपुढे. सासरे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो उन्हाळी तळावर तसाच उभा. दरवर्षी भाड्याचा ट्रक यायचा, यंदा मिळेना. परवा हिवाळी तळावर निघायचं, लामांनी दिवस काढून दिलेला, वर आभाळात बर्फ दाटलेलं, आणि जांबलनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "परवा सकाळी हा चालू झाला तर ठीक. नाही तर गेरचे तंबू उंटांवर चढवू आणि हे धूड भंगारात देऊन टाकू!"

सासूबाई बादली घेऊन गाई दोहायला निघाल्या, पण जाताना माझ्याकडे असं बघून गेल्या... डॉक्टरकडे बघतात ना, तसं!

बरं, मला एक खोड आहे. एखादी गोष्ट का चालत नाही हे कळेपर्यंत मला जेवण जात नाही. टाकीत वीस लिटर नवं पेट्रोल ओतलं. काठी घालून पाहिली, काठी ओली. तळ जरा मऊ लागला, म्हटलं गंज असेल. इंजिनाकडची नळी काढून हातात धरली, जांबलनं पुढचं हँडल गरागरा फिरवलं, त्याचे खांदे निखळायची वेळ आली... आणि नळीतून काय आलं? काही नाही! एक थेंब नाही! अहो, आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, ते समजू शकतो, पण इथे आडात आहे हो, आणि पोहऱ्यात येत नाही!

तेवढ्यात शेजारचे नामखाय आजोबा आले. घोड्यावरून उतरले नाहीत, वरूनच म्हणाले, "याचं तोंड उत्तरेला आहे. कुठल्या घराचं दार उत्तरेला असतं रे? रुसणारच तो." हसू नका! सहा माणसं आणि एक उंट लावून आम्ही तो ट्रक दक्षिणेकडे वळवला! जांबलचा अंगठा चिरडला, उंट माझ्यावर थुंकला, आणि नळीतून काय आलं? वारा! आडात आहे, पोहऱ्यात येत नाही!

मग म्हटलं, फुंकून बघू. गाल फुगवले, डोळे बाहेर आले. टाकीत बुडबुड ऐकू यायला हवी की नको? टाकी मुकी! म्हणजे अडलंय कुठे? नळीत की टाकीत? का टाकीच्या तळाशी? मला तर आता राग नव्हता, भंगाराची फिकीर नव्हती, मला फक्त जाणून घ्यायचं होतं! आणि त्या नादात मी नळी तोंडात धरून जीव खाऊन ओढली... आणि आलं! भसकन आलं, तोंडभर आलं! थुंकलो, ठसकलो, जांबल पाठीवर गुद्दे घालतोय, "दाजी, मरू नका, ताईला काय सांगू?" आणि मी म्हणतोय, "अरे, पण हे आंबट आहे!"

झालं! नामखाय आजोबा पहिल्यांदा घोड्यावरून खाली उतरले. आंबटाचा विषय निघाला आणि हा माणूस वर बसून राहील? आख्ख्या खोऱ्यात आयराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, चाखून घोडी कुणाची ते सांगणारा माणूस! नळीतून आलेलं बोटावर घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. म्हणाले, "घोडीचं नाही. गाईचं आहे. आणि फार मुरलंय."

टाकीखालचं बूच उघडलं. आधी निवळीचं पाणी आलं. मग पांढरं. मग नुसते गठ्ठे! दही हो! सहा उन्हाळ्यांचं!

सगळे सासूबाईंकडे वळले. त्या चहाची किटली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "सकाळचं पहिलं दूध मी आभाळाला देते, दुसरं यांच्या ट्रकला. आधी चाकांवरच शिंपडायची. पण मेला कुत्रा चाटून जायचा. मग म्हटलं, याला तोंड आहे की... तोंडातच घालू." जांबल ओरडला, "आई, ती टाकी आहे!" तर म्हणाल्या, "मग? तुझे बाबा काय तिथेच नव्हते पाजत त्याला?"

आता यावर बोला!

टाकी धुवायला चार दिवस लागले असते, हातात होता एक. मग मी पेट्रोलचा डबा केबिनच्या टपावर ठेवला, नळी थेट इंजिनात सोडली, जांबलनं हँडल मारलं, आणि तो राक्षस खोकला, थरथरला, आणि सुरू झाला! सासूबाईंनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि घळाघळा रडल्या. "असाच यायचा हो आवाज, हे घरी परतले की." खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पेट्रोलमुळे नाही.

ठरल्या दिवशी निघालो. जांबल गाडी चालवतोय, सासूबाई शेजारी ऐटीत, आणि मी टपावर पोटाशी डबा धरून नव्वद किलोमीटर, नाकातोंडात बर्फ! पोचल्यावर म्हटलं, "आई, आता सवडीनं टाकी स्वच्छ करून देतो, मग कुणाला वर बसायला नको." त्या म्हणाल्या, "कशाला जावईबापू? तुमचा डबा झकास चालतोय. टाकी त्यांची त्यांना राहू द्या."

तळ वर्षातून चार वेळा हलतो. दुकानाला मी पाटी लावलीये, 'मालक परगावी'. आता सासऱ्यांच्या ट्रकला दोन टाक्या आहेत. एक दूध पिते, आणि दुसरी मी!