बाळाची धुरी

मंडळी, कुणी टेंभुर्णीहून आलात, कुणी चिंचोळीच्या कारखान्यातून खाडा करून आलात. बसा. मालनकाकू गेल्या, त्यांच्याबद्दल दोन शब्द बोला म्हणून मला सांगितलंय. आणि खरं सांगू? आज मला दुःखापेक्षा घोर जास्त लागलाय. तोच बोलणार आहे. वाईट वाटलं तर मागाहून चार शब्द सुनवा.

जुळे सोलापुरात आमची दारं समोरासमोर. नात झाली तेव्हा काकूंना आभाळ ठेंगणं झालं होतं. रोज तिचं न्हाऊमाखू, मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, धूप, लसणाची सालं. त्या धुरावर बाळ धरायचं. खिडक्या गच्च बंद, वारं लागू नये म्हणून. पोरगी खोकायला लागली, तशी धुरी वाढली. छाती वाजायला लागली, तशी आणखी वाढली. माया होती हो ती. त्या मायेनंच पोरीचा जीव मेटाकुटीला आला होता.

डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर होतो का? काकू म्हणाल्या, "न्हाय की. गॅस हाय आमच्याकडं. बिडीकाडी बी कुणी ओढत न्हाय." खोटं बोलल्या का? मुळीच नाही. आपल्यात धुरी म्हणजे औषध. धुरीला धूर कोण म्हणतं? शेवटी डॉक्टरांनी बाळाचं दुपटं नाकाशी नेलं आणि विचारलं, हा वास कसला?

त्या दिवशी काकूंनी शेगडीवर पाणी ओतलं. खिडक्या उघडल्या. पोरीची छाती हळूहळू मोकळी झाली. पण काकू तेवढ्यावर गप्प बसल्या नाहीत. कुणाकडे बाळंतीण आली की ह्या दारात हजर. "बायांनो, माजं लई चुकलं. तुमी चुकू नगा." साठी उलटलेल्या सासूनं सुनेदेखत असं म्हणायचं, सोपं आहे का?

आणि काल मी त्यांच्या घरी गेले. घर माणसांनी भरलेलं, खिडक्या बंद. फोटोपुढं उदबत्त्यांचा जुडगा. आतल्या खोलीत काकूंच्या नणंद, गंगूआत्या, पुन्हा निखारे फुलवत होत्या. काकूंची सून पल्लवी दारात उभी. मी खुणेनं विचारलं, हे काय? ती हळूच म्हणाली, "मी काय बोलू, काकी? आत्ता मोठ्यांपुढं तोंड उघडलं तर माणसं काय म्हणतील? आई असत्या तर त्याच बोलल्या असत्या."

गंगूआत्या, तुम्ही पुढंच बसला आहात. तुमचा हात मायेचा आहे, मला ठाऊक आहे. तुमच्या वहिनींचाही होता. म्हणून हात जोडून मागते. चारचौघांत मागते, कारण घरात पल्लवीला मागता येत नाही. उद्या न्हाऊ घातल्यावर पोरीला कोरडं करा, दुपट्यात गुंडाळा, कुशीत घ्या. धुरी देऊ नका.

आता सगळे उभे राहू या. मालनकाकूंना माझा नमस्कार. पोरगी पल्लवीच्या खांद्यावर झोपली आहे. आपण गप्प राहिलो की तिची छाती पुन्हा वाजायला लागलीय ती इथवर ऐकू येईल. तेवढं ऐका.