सहाव्या डावातली मिठी

मार्जरी : “ज्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकायचं, त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं. फोनवर नाही.” संघाच्या व्यवस्थापकाच्या या खुर्चीत मला बसवताना आधीचे व्यवस्थापक क्लाइडसाहेब एवढंच बोलले होते, गस.

गस : त्यांच्या वेळी बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायची. आज आपल्या बेसबॉल संघाचा कॅचर ओस्वाल्दो बाकावर बसून रडला, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं.

मार्जरी : पण त्याच्या सौद्याला मी अजून होकारच दिलेला नाही. ओस्वाल्दोला सामन्यातून काढलं कुणी?

गस : हा आला बघ तुझा प्रशिक्षक. विचार त्यालाच.

डेल : मी काढलं, बाई, सहाव्या डावात. उकाड्यानं त्याच्या पोटरीत गोळे येत होते. सामना तर हातचा गेलेलाच होता. म्हटलं, बस जरा.

गस : जुलैच्या शेवटच्या दिवशी? आज संध्याकाळी पाचला संघांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होते. सौदा ठरला की दुखापत नको म्हणून माणसाला मैदानातून बाहेर घेतात, हे पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक आहे, डेल.

डेल : अक्कल गहाण पडली होती माझी. पाणी प्यायला वळलो, तेवढ्यात संघातल्या एकानं त्याला निरोपाची मिठी मारली. मग सगळ्यांचीच रांग. पायाला बर्फ बांधलाय, हे कुणाच्या डोळ्यांना दिसलंच नाही.

मार्जरी : आणि तो?

डेल : आधी रडला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, “मॅडमनी मला सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे झालं नाही.” सामना संपून एवढा वेळ झाला, गणवेश काही उतरवत नाही.

मार्जरी : मीच शब्द दिला होता. हंगामाआधी, वसंतातल्या सराव शिबिराला त्याची आई आली होती, तिच्या हातचा भात खाताना. म्हटलं, जायची वेळ आली तर माझ्याच तोंडून ऐकशील.

गस : मग नाही म्हण सौद्याला. पोरांचा गैरसमज झाला म्हणून सांगू.

मार्जरी : आणि त्याच्या बदल्यात मिळणारे ते दोन तरणे पिचर, चेंडू टाकणारे? आपण गुणतक्त्यात तळाला आहोत, गस. उकिडवं बसून चेंडू झेलता झेलता त्याचे गुडघे झिजेपर्यंत त्याला इथे हरत बसवायचं का? तिकडे निदान अजिंक्यपदासाठी खेळेल.

गस : हे त्याच्यासाठी म्हणतेस, की स्वतःच्या समाधानासाठी?

मार्जरी : सकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा तेच विचारत होते.

गस : जुलैअखेर देवसुद्धा फोन उचलत नाही, बाई.

(टेबलावरचा फोन वाजतो.)

मार्जरी : हो, मार्जरीच बोलतेय... हो. सौदा पक्का समजा. फक्त थोडा वेळ तुमच्या संघाकडून बातमी जाऊ देऊ नका... माहीत आहे, सगळ्यांनी पाहिलंय ते. एकानं अजून खरं मानलेलं नाही.

डेल : मी सांगू का त्याला? घोळ माझाच आहे.

मार्जरी : तुम्ही पाणी प्या, डेल. चेहरा उतरलाय तुमचा.

गस : लिफ्टपाशी पत्रकार उभे आहेत.

मार्जरी : मग जिन्यानं उतरते. अजून गणवेशातच आहे ना तो?

डेल : मी निघालो तेव्हा होता. खाली खेळाडूंच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसलाय.

मार्जरी : बरं. मी त्याला सांगेपर्यंत तो फोन पुन्हा वाजला तर उचलू नका, गस. येते मी.