बापसाच्या शेअरची वाटणी

लवू: खोटं बोलू नको, सुजय. बापसाचा शेअर काल नऊशेला होता, आज साडेपाचशेला. वरचे पैसे कुठं गेले?

सुजय: कुठे नाही गेले, दादा. कंपनीचे दोन भाग झाले. रंगाचा धंदा जुन्या कंपनीत राहिला, केमिकलचा नव्या कंपनीत गेला. म्हणून जुन्याचा भाव उतरला.

लवू: म्हणजे केमिकल आपल्या हातून गेलं.

सुजय: नाही ना! बाबांच्या एकेका शेअरमागे नव्या कंपनीचा एकेक शेअर आपल्याला मिळणार. आपलंच होतं ते, आता वेगळं काढून देतायत.

लवू: दाखव मग. कुठं हाय?

सुजय: अजून खात्यात जमा नाही झाले. वेळ लागतो त्याला.

लवू: म्हणजे नाय!

योगिनी: भावोजी, ती कोयती आधी खाली ठेवा. आमची पोर बघतेय.

लवू: तू मधे पडू नको, योगिनी. बापूस गेला तेव्हा तुझा नवराच बोलला, दादा, तू समुद्रावर असतोस, शेअर माझ्या खात्यात राहू दे. मी राहू दिले. आता इंजिन बसलंय, होडी किनाऱ्याला पडून हाय, माझे अर्धे विकायला आलो तर हा सांगतो कंपनी फुटली!

सुजय: हे होणार म्हणून सांगायला मी आलो होतो जेटीवर. तू शुद्धीत नव्हतास.

लवू: विकलेस तू! वरचा स्लॅब कशातनं पडला?

योगिनी: माझ्या पगारातून पडला. हप्ते मी भरते.

लवू: फोन दे इकडं. आत्ताच्या आत्ता सगळे विक, माझ्यासमोर.

सुजय: भाव बघून लोक घाबरलेत, सगळे विकत सुटलेत. थोडं थांब. फोन सोड. दादा, सोड म्हणतो ना! दादा...

योगिनी: आई गं! हात! देवा, बोटं... सुजय, हात वर धर. वर धर, खाली नको बघू!

लवू: मी टेबलावर मारत होतो. फोनवर. त्यानं हात घातला...

योगिनी: बाहेर व्हा!

लवू: रिक्षा आणतो. मी नेतो त्याला.

योगिनी: हात लावलात ना त्याला, तर तीच कोयती उचलीन मी. चालते व्हा!

(महिन्याभराने, मिरकरवाड्याच्या जेटीवर.)

लवू: पोलीस घेऊन आलास काय?

सुजय: त्यांना सांगितलं, नारळ सोलताना कोयती सटकली. योगिनी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

लवू: हात बघू.

सुजय: नको बघूस. अंगठा हलतो. दोन बोटं काढावी लागली.

लवू: सुजय, मी...

सुजय: आधी ऐक. नवे शेअर जमा झालेत. आज बाजारात त्यांचा पहिल्यांदा भाव निघाला, चारशे. जुना अजून साडेपाचशेच आहे.

लवू: दोन्ही मिळून साडेनऊशे.

सुजय: हो. आज थोडे वरच आहेत. उद्या खालीही जातील, दोघांचं नशीब आता वेगळं.

लवू: म्हणजे तू काय विकलंच नव्हतंस.

सुजय: एकही नाही.

लवू: त्या दिवशी मी ऐकलं असतं तर...

सुजय: तुझे अर्धे तुझ्या नावावर करतोय. जुने पण, नवे पण. वेळ लागतोय, कारण सही डाव्या हाताने करतो आणि ती जुळत नाही.

लवू: मला नकोत. विक ते, हाताला लाव.

सुजय: नको, दादा. तुझं तू बघ. मला आता तुझं काही सांभाळायचं नाही.

लवू: बरं. मग संध्याकाळी घरी येऊन जाऊ? योगिनीच्या पाया पडतो.

सुजय: घरी नको. दार वाजलं की आमची सानवी अजून पलंगाखाली शिरते.